केव्हापासून?

कोयनानगरच्या आसपासच्या खेड्यांत एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजीबाईंना ‘हाताला कंप केव्हापासून सुटला?’ असे विचारले, तर उत्तरात सन येत नाही आणि महिनाही येत नाही. ‘धाकट्याचं लगीन झालं त्या साली’, ‘बैल इकला त्या पावसाळ्यात’ अशा खुणांनी त्या काळ मोजतात. शहरातून नव्याने गेलेल्या डॉक्टरास हे उत्तर कुचकामाचे वाटते. तो कागदावर प्रश्नचिन्ह काढून पुढच्या रकान्याकडे वळतो. वस्तुतः त्याच्या हाती आलेले उत्तर अगदी नेमके असते. फक्त ते दुसऱ्या पंचांगातले असते, आणि ते पंचांग ज्याला वाचता येत नाही त्याला त्या रोगाची निम्मी हकीकत मिळत नाही.

रोग्यास प्रश्न करणे ही काही आजची रीत नव्हे. सुश्रुताने रोग ओळखण्याची सहा साधने सांगितली. त्यांतील पाच म्हणजे वैद्याची ज्ञानेंद्रिये, आणि सहावे म्हणजे प्रश्न. प्रश्नाने काय काय जाणून घ्यावे याची जी यादी तो देतो, तीत रोग्याचा देश, त्याला सोसणारे खाणेपिणे, दुखण्याचा उगम, वेदना, बळ, आणि दुखणे किती काळ चालले आहे ही बाबही आहे. म्हणजे ‘कुठला?’ आणि ‘केव्हापासून?’ हे दोन्ही प्रश्न त्या यादीत आहेत. पुढे वैद्यकाच्या हाती उपकरणे आली आणि कानांपेक्षा डोळ्यांना मान अधिक मिळू लागला. तथापि मेंदूच्या व मज्जातंतूंच्या विकारांत प्रश्नाचे आसन डळमळले नाही.

याचा एक ठळक दाखला लंडनच्या जेम्स पार्किन्सनचा आहे. १८१७ साली त्याने कंपवाताविषयी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात रोगी अवघे सहा. पैकी कित्येक तर रस्त्यात भेटलेले आणि एक केवळ दुरून पाहिलेला. ज्यांच्याशी बोलता आले त्यांच्याकडून त्याने काढून घेतला तो क्रम : प्रथम कोणता हात, मग किती काळाने दुसरा, मग चाल, मग बोलणे. नाडी किंवा जीभ पाहून हा क्रम कोणालाही कळला नसता. पुढे पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात, जेथे हजारो वृद्ध स्त्रिया वर्षानुवर्षे राहत असत, शार्कोने १८६२ पासून अशाच हकीकती पद्धतशीर जुळविल्या आणि या रोगास पार्किन्सनचे नाव दिले.

आपल्याकडील दाखला याहून कमी प्रतीचा नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७१ साली, सहकारी स्वामी यांच्यासह, तोल जाण्याच्या एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्या विकारात नजर एका वस्तूवरून दुसरीवर नेताना डोळे विलक्षण मंद फिरतात. रोग्यांची नऊ कुटुंबे त्यांनी अभ्यासिली. एका माणसाचे डोळे पाहून हे खूण म्हणून नोंदविता येईल. पण हा घराण्याचा वारसा आहे हे ठरविण्यास आजा कसा चालत असे, आत्याचे काय झाले, कोणाचे पाय कोणत्या वयात अडखळू लागले, हे विचारावेच लागते.

वृद्धांच्या बाबतीत विचारण्याची ही कला अधिक अवघड होते, आणि त्याचे पहिले कारण शब्दांत आहे. ‘चक्कर’ या एका शब्दाखाली चार निरनिराळी दुखणी नांदतात. भोवतालचे घर फिरल्यासारखे वाटणे ही भोवळ. उठताना डोळ्यांपुढे येणारी अंधारी ही वेगळी. चालताना तोल जाणे हे तिसरे. आणि नुसता अशक्तपणा हे चौथे. पहिलीचे मूळ बहुधा कानात, दुसरीचे रक्तदाबात, तिसऱ्याचे लहान मेंदूत किंवा पायांच्या नसांत असू शकते. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात हे खेड्यात सर्वांस ठाऊक असते, पण ‘हात मेला’ म्हणजे शक्ती गेली की स्पर्श गेला, हे विचारल्यावाचून कळत नाही. चतुर वैद्य येथे आपला शब्द रोग्याच्या तोंडी घालीत नाही. ‘चक्कर हा शब्द बाजूला ठेवून काय होतं ते सांगा’ म्हणतो आणि थांबतो. थांबणे हे या विद्येतील सर्वांत कठीण अंग आहे असे म्हणावयास हरकत नाही.

सर्वांत घातक शब्द मात्र ‘म्हातारचळ’ हा होय. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण घरात उच्चारली गेली की पुढचे सारे प्रश्न बंद होतात. भारतात साठीपुढील माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत आढळले. याचाच अर्थ असा की, शंभरांतील नव्वदांहून अधिक वृद्धांस तो नसतो. विसरणे हा वयाचा अटळ धर्म नव्हे. आणि ज्यांची बुद्धी खरोखर मंदावते त्यांतही काहींचे कारण निवारण्याजोगे असते. ‘ब’ जीवनसत्त्वांपैकी बारावे कमी पडणे, गळ्यातील ग्रंथी मंदावणे, ही तशी कारणे होत. कोयनेच्या खोऱ्यात पावसाळा प्रचंड आणि पायवाटा निसरड्या. म्हातारा माणूस शेताच्या बांधावर घसरून पडतो, डोक्याला थोडे लागते, उठून घरी येतो आणि विसरून जातो. पुढे काही आठवड्यांनी तो गुंगल्यासारखा वागू लागतो, एक पाय ओढतो. कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढले तर तो पूर्ववत होऊ शकतो; पण ‘मधे कुठं पडला होता का?’ हे कोणी विचारले नाही, तर त्याच्या माथी म्हातारचळाचा शिक्का कायमचा बसतो.

औषधांची पिशवी हाही हकीकतीचाच भाग. चक्करेसाठी दिलेली सिनारिझिनची गोळी किंवा मळमळीवरील मेटोक्लोप्रामाइड पुष्कळ दिवस चालू राहिल्यास वृद्धांत कंपवातासारखाच कंप व ताठरपणा उत्पन्न करू शकते. गोळी बंद झाली की बहुधा तो ओसरतो. रोग्याला गोळीचे नाव येत नाही. म्हणून शहाणा डॉक्टर नाव विचारीत नाही, पिशवी मागवितो.

साक्षीदार कोण, हाही प्रश्न आहे. पाटण तालुक्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईस जात आले. गणपतीला किंवा शिमग्याला घरी येणाऱ्या मुलास बापातील बदल एकदम दिसतो. रोज भाकरी वाढणाऱ्या सुनेस तो हळूहळू दिसतो, पण बारकावे तिलाच ठाऊक असतात. सासरे झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात, हे तीच सांगते. आमटी करपली तरी सासूबाईंना वास येत नाही, हेही तीच सांगते. ही दोन्ही लक्षणे कंप दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे आधी येऊ शकतात. बहुधा मात्र दवाखान्यात मुलगा बोलतो, सून दाराशी उभी राहते, आणि ज्याचे दुखणे तो मधे बसून दोघांकडे पाहत राहतो. त्याच्याशी प्रथम बोलावे, त्याला ऐकू येते की नाही पाहावे, मग इतरांची साक्ष घ्यावी, हा क्रम उलटा झाला की हकीकत बिघडते.

अलोइस आल्झायमरने १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात एका ५१ वर्षांच्या बाईला विचारले, तुझ्या नवऱ्याचे नाव काय? तिने स्वतःचेच नाव सांगितले. त्या टिपणांतून एका रोगाचा इतिहास सुरू झाला. पण हाच प्रश्न सातारा जिल्ह्यातील एखाद्या आजींना केला असता त्या गप्प बसल्या असत्या, आणि त्यांची स्मृती शाबूत असती. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही हा त्यांचा रिवाज. फार तर उखाण्यात घालून सांगतील. तद्वत् ‘आज तारीख काय?’ याला ज्या निरुत्तर होतात, त्या ‘एकादशीला किती दिवस राहिले?’ याचे उत्तर बिनचूक देतात. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली मनःस्थितीची छोटी परीक्षा जगभर पसरली, पण तीत वाचणे व लिहिणे होते. म्हणून हरियाणातील बल्लभगड भागात काम करणाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात निरक्षरांसाठी हिंदीत निराळी परीक्षा रचली. लिहिलेली आज्ञा वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याची नक्कल करून डोळे मिटावयाचे, अशी तिची तऱ्हा.

आता मूळ प्रश्नाकडे. कोयनाकाठच्या पंचांगात एक खूण सर्वांत मोठी आहे. १९६७ सालच्या ११ डिसेंबरला, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास, धरणीकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. सुमारे १८० माणसे मेली, आणि मुंबईची वीज गेली. खोऱ्यातील वृद्धांचे आयुष्य ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपाच्या नंतर’ असे दुभंगलेले आहे. ‘भूकंपात तुम्ही केवढ्या होतात? लग्न झालं होतं? पदरी मूल होतं?’ असे विचारीत गेले की जन्मदाखला नसलेल्या माणसाचे वय एकदोन वर्षांच्या फरकाने सापडते, आणि त्याबरोबर जुन्या स्मृतीची परीक्षाही होऊन जाते. मात्र येथेही सावधपणा हवा. १९७३ आणि १९८० साली या खोऱ्यात पाचावर मानाचे धक्के बसले, लहान तर मोजदादीपलीकडे. ‘कोणता भूकंप?’ हा उपप्रश्न राहिला तर तेरा वर्षांची चूक सहज होते.

पक्षाघातात मात्र वर्षे नव्हेत, मिनिटे मोजावी लागतात. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पहाटे उठल्यावर हात उचलत नाही असे दिसले, तर काळ उठल्यापासून मोजीत नाहीत. माणूस धड असा शेवटी कोणी पाहिला, तेव्हापासून मोजतात. रात्री लघवीला उठला होता का, सुनेशी बोलला का, या क्षुल्लक वाटणाऱ्या उत्तरावर कऱ्हाडला पोहोचल्यानंतरचा उपचार ठरतो. कोयनानगरहून तेथवरची वाट घाटमाथ्याच्या पावसात लांबते, म्हणून हा प्रश्न घरातल्यांनीच एकमेकांस विचारून निघावे हे बरे.

राहिला ‘कुठला?’ हा प्रश्न. १९६० नंतरच्या दशकात शिवसागराचे पाणी चढले तेव्हा अनेक गावे बुडाली, आणि तेथील लोक सांगलीसह इतर जिल्ह्यांत वसविले गेले. पुष्कळांनी नव्या वसाहतीस जुन्याच गावाचे नाव लावले. अशा वसाहतीतील आजोबांना ‘आपण आत्ता कोणत्या गावी आहोत?’ असे विचारले आणि त्यांनी पाण्याखाली गेलेल्या गावाचे नाव घेतले, तर ते भ्रमिष्ट झाले असे लिहू नये. उत्तर कदाचित शंभर टक्के बरोबर असेल. येथे आणखी एक प्रश्न करावा : घरापासून नदी किती लांब? ‘ती तिकडंच राहिली, इथं पाणी कालव्याचं’ असे ते म्हणाले, तर ते आजच्या गावात आहेत. ‘ही काय, परसाच्या खाली’ असे म्हणून त्यांनी हात दाखविला, तर मग खुर्ची पुढे ओढून, सुनेला आत बोलावून, हकीकत पहिल्यापासून घ्यावयास हवी.