सहाव्या पट्टीची कहाणी

बँकेचे कार्ड चिप डावीकडे येईल असे समोर धरा. सोनेरी चौकोनात बारीक रेघांनी वेगळ्या केलेल्या पट्ट्या दिसतील. उजव्या रांगेतली वरून दुसरी पट्टी क्रमांक सहाची. बँकेच्या कार्डात तिला आज बहुधा काहीच काम नसते. मग ती आली कशाला?

फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ साली कार्डात स्मृती-चिप बसवण्याच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. पुढे काही वर्षांतच मिशेल युगाँ यांनी कार्डात सूक्ष्मप्रक्रियकही आणला. कार्डात बॅटरी नाही; वीज, घड्याळाचे ठोके, सारे वाचकयंत्राकडून घ्यायचे. त्या काळच्या स्मृतीतून माहिती वाचायला ५ व्होल्ट पुरत. पण लिहिताना इलेक्ट्रॉन विरोधी थरापलीकडे ढकलावे लागत आणि त्याला काही कार्डांत २१ व्होल्ट लागत. हा जास्तीचा दाब आत घ्यायला सहावी पट्टी.

इथेच चोरांना वाट सापडली. युरोपातल्या काही सशुल्क दूरचित्रवाणी सेवांत कार्डावर सगळ्या वाहिन्या आधी खुल्या असत. पैसे न भरलेल्या वाहिन्या प्रक्षेपणातून संदेश पाठवून बंद करत. लोकांनी सहाव्या पट्टीवर चिकटपट्टी लावली! लिहिण्याचा दाब पोचेना, 'बंद करा' हा हुकूम कार्डात नोंदलाच जाईना. गुप्तलिपी कितीही पक्की असो, आम्हाला विचाराल तर दोष जोडणीचा होता.

उपाय निघाला तो चिपच्या आतच दाब वाढवण्याचा. छोटे धारित्र टप्प्याटप्प्याने प्रभारित करून दाब वर चढवायचा, पायरीपायरीने पाणी उपसावे तसा. सहावी पट्टी रिकामी झाली.

मोबाइल फोन टेकवून पैसे देण्याची योजना आली, तेव्हा सिमकार्ड आणि फोनमधली जवळच्या संपर्काची चिप यांच्यात तार हवी होती. मोकळी पट्टी हीच! २००८ च्या सुमारास युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने या एकाच तारेवर दोन्ही बाजूंनी एकदम बोलण्याची रीत ठरवली. संपर्काची चिप विद्युतदाबाने बोलते: लांब स्पंद म्हणजे १, आखूड म्हणजे ०. सिम त्याच स्पंदाच्या वेळी विद्युतप्रवाह ओढून उत्तर देते: ६०० ते १००० मायक्रोअँपिअर ओढले तर १, जवळजवळ काहीच नाही तर ०. दोरीचे एक टोक हलवणाऱ्याला दुसऱ्याने हिसका देऊन उत्तर द्यावे, तसे. दाबही १.८ व्होल्टचा. तार प्रभारित करण्याची ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; ५ व्होल्टच्या मानाने ती आठव्या हिश्श्याच्या आसपास येते. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.

सिम इथे मुद्दाम प्रवाहातून बोलते. पण पॉल कोचर, जोशुआ जॅफ आणि बेंजामिन जन यांनी १९९९ च्या शोधनिबंधात दाखवले, की कार्ड नकळतही तसेच बोलते. गणित करताना ते किती प्रवाह ओढते, याच्या पुष्कळ नोंदी घेतल्या तर आतली गुप्त किल्ली हाती लागते. हा प्रवाह वाहतो पहिल्या पट्टीतून, विजेच्या. तिच्यावर चिकटपट्टी लावून चालत नाही. म्हणून चिप आकड्यांत यादृच्छिक आकडे मिसळून खरे आकडे झाकते. त्यासाठी गणित अधिक करावे लागते आणि त्याची वीजही त्याच पहिल्या पट्टीतून येते.