बेटावरून ग्रहावर: अवकाशपटांतील जुन्या कथा

जुनी, लोकांना ठाऊक असलेली कथा पृथ्वीवरून उचलून अवकाशात नेऊन सांगायची, ही प्रथा विसाव्या शतकातील चित्रपटांनी रूढ केली असली, तरी तिचे मूळ चित्रपटाच्याच काय, दुर्बिणीच्याही फार आधीचे आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सामोसाता येथील लुसियन या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लेखकाने एक विडंबनात्मक प्रवासकथा रचली. तीत हेराक्लिसच्या स्तंभांपलीकडे निघालेले गलबत वावटळीत सापडून सात दिवस सात रात्री हवेतून वाहत जाते आणि चंद्रावर उतरते. तेथे चंद्राचा राजा आणि सूर्याचा राजा शुक्रावर वसाहत कोणी करायची या वादावरून लढत असतात. होमरच्या 'ओडिसी'तील भटकंतीच लुसियनने आकाशात नेली होती, आणि आपण धादांत खोटे सांगत आहोत हे त्याने आरंभीच वाचकाला बजावले होते.

या निबंधात ज्याला पुनर्कथन म्हटले आहे, त्यात मूळ कथेच्या नावाची नुसती आठवण पुरेशी धरलेली नाही. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६८ मधील '२००१: अ स्पेस ओडिसी'च्या नावात होमर आहे, परंतु कथानक स्वतंत्र आहे, म्हणून तो येथे विचारात घेतलेला नाही. पात्रांची परस्परनाती, संकटाचा प्रकार आणि घटनांचा क्रम असा कथेचा सांगाडा ओळखू येईल इतपत शाबूत ठेवून केवळ स्थळ आणि काळ बदलणे, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे. मराठी वाचकाला हा व्यवहार नवा नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले आणि देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, तेव्हा परकी कथा आपल्या मातीत रुजवताना काय ठेवायचे आणि काय बदलायचे, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. अवकाशपटाच्या कर्त्यांपुढे तो उलट बाजूने उभा राहतो, कारण ज्या मातीत कथा रुजवायची त्या मातीवर अजून कोणी पाऊलच ठेवलेले नसते.

जुन्या कथांना अवकाशाकडे जावे लागले, याचे एक कारण पृथ्वीच्या नकाशात आहे. नकाशावर नसलेले बेट आणि कायद्याचा हात न पोहोचलेली सरहद्द ही पाश्चात्त्य साहसकथेची दोन आवडती स्थळे होती. बेटांचा शोध बहुतेक पुरा झाला, आणि अमेरिकेत १८९० च्या जनगणनेने वसाहतीची सलग अशी सीमारेषा आता दाखवता येत नाही असे नोंदवले. स्थळे संपली, पण त्यांवर पोसलेल्या कथांची भूक संपली नाही; ती स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या, 'पल्प' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मासिकांनी ग्रहताऱ्यांवर भागवली. या उसनवारीवर सर्वांत नेमका प्रहार ऑक्टोबर १९५० मध्ये 'गॅलक्सी' या नव्या विज्ञानकथा मासिकाने आपल्या पहिल्याच अंकाच्या मलपृष्ठावर केला. तेथे दोन उतारे शेजारी शेजारी छापले होते. एकात बॅट डर्स्टन नावाचा नायक अग्निबाणाच्या झोतासह एका चिमुकल्या ग्रहावर उतरतो, तर दुसऱ्यात तोच बॅट डर्स्टन घोडा दौडवत एका खिंडीतून सोन्याच्या खाणीच्या वस्तीकडे येतो. यानाऐवजी घोडा, किरणबंदुकीऐवजी सहाबारी पिस्तूल एवढीच अदलाबदल करून बाकी वाक्यरचना तीच ठेवलेली होती, आणि असली कथा या मासिकात कधीही दिसणार नाही अशी हमी खाली दिली होती. संपादक एच. एल. गोल्ड यांचा हा रोख आळशी लेखनावर होता आणि त्यापुरता तो अचूक होता. मात्र पुढे जे अवकाशपट टिकले, त्यांनी स्थळाबरोबर आणखी एक गोष्ट बदलली. कथेतील अरिष्ट कोठून येते, याचे उत्तर त्यांनी आपल्या काळापुरते नव्याने दिले.

याचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे एमजीएम कंपनीचा, फ्रेड विलकॉक्स दिग्दर्शित 'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६). शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकात प्रॉस्पेरो हा राज्यभ्रष्ट सरदार मिरांडा या आपल्या मुलीसह एका बेटावर राहतो आणि ग्रंथांतून मिळवलेल्या मंत्रविद्येने एरियल या वायुरूप सेवकाला व कॅलिबन या रानटी दासाला राबवतो. चित्रपटात बेटाच्या जागी आल्टेअर-चार हा ग्रह आहे, प्रॉस्पेरोच्या जागी भाषाशास्त्रज्ञ डॉक्टर मॉर्बियस, मिरांडाच्या जागी त्याची मुलगी अल्टायरा आणि एरियलच्या जागी रॉबी नावाचा यंत्रमानव. नाटकात दारुड्या बटलरच्या नादी कॅलिबन लागतो; चित्रपटात यानाचा आचारी रॉबीकडूनच व्हिस्की तयार करून घेतो. श्रेयनामावलीत शेक्सपिअरचे नाव कोठेही नाही, आणि तरीही हे नाते लपवण्याचा प्रयत्न दिसत नाही.

कॅलिबन मात्र या ग्रहावर दिसत नाही, आणि चित्रपटाची खरी प्रतिभा याच गैरहजेरीत आहे. वीस वर्षांपूर्वी आलेल्या मोहिमेतील माणसांना एका अदृश्य शक्तीने फाडून मारले होते, आणि नवे यान उतरताच ती पुन्हा जागी होते. या ग्रहावर दोन लाख वर्षांपूर्वी क्रेल नावाची अतिप्रगत जमात राहत होती. तिने जमिनीखाली प्रत्येक बाजूस वीस मैल भरेल एवढे घनाकार यंत्र उभारले, आणि अवजाराच्या मध्यस्थीशिवाय, केवळ इच्छेने वस्तू निर्माण करण्याची शक्ती मिळवली. पण त्याच एका रात्रीत ती समूळ नष्ट झाली. कारण सिग्मंड फ्रॉइडने ज्याला 'इड' म्हटले, तो मनाच्या तळाशी असलेला, नीती वा विवेक न जाणणारा वासनांचा थर त्या यंत्राला जोडला गेला होता. मुलीला आणि ग्रहाला दुसऱ्याच्या हाती जाऊ न देण्याची मॉर्बियसची झोपेतील इच्छाच राक्षस होऊन बाहेर हिंडत असते. यानाभोवतीच्या ऊर्जेच्या कुंपणात तो शिरतो तेव्हाच त्याची आकृती लाल रेषांनी क्षणभर उजळते. ही रेखाटने करण्यासाठी डिस्नेच्या कलागृहातून जोशुआ मीडर या चित्रकाराला उसने आणले होते. अखेरीस मॉर्बियस रॉबीला राक्षसाला मारण्याची आज्ञा देतो, पण मनुष्यवध न करण्याची रचना असलेला तो यंत्रमानव जागीच थिजतो, कारण समोरचा राक्षस म्हणजे आपला धनीच आहे हे त्याला धन्याआधी कळलेले असते.

शेक्सपिअरच्या नाटकाच्या शेवटच्या अंकात प्रॉस्पेरो कॅलिबनकडे बोट दाखवून तो आपलाच असल्याचे कबूल करतो. त्या ओझरत्या कबुलीतून पटकथाकारांनी संपूर्ण चित्रपट उभा केला, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. प्रॉस्पेरो आपली छडी मोडून, ग्रंथ समुद्रात बुडवून, विद्येचा त्याग करून माणसांत परततो. मॉर्बियसला मात्र तशी सुटका नाही, त्याच्या मृत्यूबरोबर ग्रहाचाही स्फोट होतो. अमेरिकेने १९५२ मध्ये हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्यानंतर अवघ्या चार वर्षांत आलेल्या या चित्रपटाला, एकदा हाती आलेली शक्ती पुस्तकासारखी समुद्रात बुडवून टाकता येईल असे मानणे शक्य नव्हते.

बायरन हॅस्किनच्या 'रॉबिन्सन क्रूसो ऑन मार्स' (१९६४) या चित्रपटाने डेनिअल डिफोच्या १७१९ मधील कादंबरीला मंगळावर नेले. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीच्या उजाड डोंगरांत चित्रित झालेला हा चित्रपट विज्ञानाला धरून असल्याचा गाजावाजा झाला होता. त्यातील एकाकी अंतराळवीर मंगळावरचे दगड तापवून त्यांतून प्राणवायू मिळवतो, आणि अधूनमधून तेथील विरळ हवेतही श्वास घेऊ शकतो. पुढच्याच वर्षी, जुलै १९६५ मध्ये, मरिनर-४ या यानाने मंगळाजवळून जाताना पाठवलेल्या छायाचित्रांत चंद्रासारखी विवरे दिसली, वातावरण कमालीचे विरळ असल्याचे सिद्ध झाले, आणि चित्रपटाचे विज्ञान एका वर्षात जुने ठरले. डिफोची कथा मात्र तशीच उरली, अगदी तिच्यातील डागासकट, कारण परग्रहावरच्या खाणमालकांपासून पळून आलेल्या गुलामाला हा नवा क्रूसोही 'फ्रायडे' असे नाव देतो आणि आरंभी त्याच्यावर हुकूम गाजवतो.

यानंतरची बरीचशी उसनवारी साहित्याऐवजी चित्रपटांकडून होऊ लागली, आणि तिचा सर्वांत मोठा धनको जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा ठरला. जॉर्ज लुकासने 'फ्लॅश गॉर्डन' या चित्रमालिकेचे हक्क न मिळाल्यावर १९७३ मध्ये स्वतंत्र कथेचा जो आराखडा लिहिला, तो कुरोसावाच्या 'हिडन फोर्ट्रेस' (१९५८) या चित्रपटाच्या फार जवळ होता. शत्रूच्या मुलखातून राजकन्येला सुखरूप नेणारा सेनापती आणि सोबत दोन दरिद्री शेतकरी, हा त्याचा गाभा. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' पडद्यावर आला तोवर पुष्कळ बदल झाले होते, पण आरंभ तसाच राहिला. कुरोसावाचे दोघे ओसाड माळावर भांडत चालतात, वेगळे होतात, वेगवेगळे पकडले जातात आणि कैदेत पुन्हा भेटतात. लुकासचे दोन यंत्रमानवही वाळवंटात भांडून वेगळे होतात आणि भंगार गोळा करणाऱ्यांच्या गाडीत एकमेकांना भेटतात. फरक पडला तो स्वभावात. ते शेतकरी सोन्यासाठी कोणालाही विकतील इतके हावरे आणि भित्रे आहेत, तर यंत्रमानव निष्ठावंत आहेत. लोभाचा वाटा हान सोलो या तस्कराकडे गेला आणि तोही शेवटी पुसला गेला. गरिबीने माणूस कसा होतो हे राजकन्येला आणि प्रेक्षकाला दाखवणारी कुरोसावाची कठोर नजर या स्थलांतरात हरवली, आणि हे नुकसान लहान नाही. ऋणाची जाणीव मात्र लुकासने ठेवली. पुढे कुरोसावाला 'कागेमुशा' (१९८०) साठी पैसा मिळेना, तेव्हा लुकासने व फ्रान्सिस कोपोला यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला त्यात उतरवले.

कुरोसावाच्याच 'सेव्हन सामुराई' (१९५४) चा प्रवास अधिक लांबचा आहे. त्यावरून १९६० मध्ये 'मॅग्निफिसंट सेव्हन' हा वेस्टर्न निघाला, भारतात 'शोले'ने (१९७५) गावासाठी भाडोत्री लढवय्ये आणण्याची कल्पना आपल्या पद्धतीने वापरली, आणि १९८० मध्ये रॉजर कॉर्मनने अल्प खर्चात निर्मिलेल्या 'बॅटल बियाँड द स्टार्स'ने ती अवकाशात नेली. संकटातील ग्रहाला अकिर आणि तेथील रहिवाशांना अकिरा असे नाव देऊन मूळ दिग्दर्शकाला मुजरा केला गेला, तर वेस्टर्नमधील नट रॉबर्ट वॉन याला जवळजवळ तीच, थकलेल्या मारेकऱ्याची भूमिका पुन्हा देण्यात आली.

पीटर हायम्सचा 'आउटलँड' (१९८१) याहून गंभीर आहे. फ्रेड झिनेमनच्या 'हाय नून' (१९५२) मध्ये दुपारच्या गाडीने येणाऱ्या सूडखोर गुंडाशी लढण्यासाठी मार्शल, म्हणजे गावचा कायदेरक्षक, मदत मागत दारोदार फिरतो आणि एकेक दार बंद होते. त्या पटकथेचा लेखक कार्ल फोरमन याला चित्रपट तयार होत असतानाच, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे उभे राहावे लागले होते, आणि पाठ फिरवणारे गावकरी त्याने आपल्या अनुभवातून रेखाटले होते. हायम्सने हे गाव गुरूच्या आयो या उपग्रहावरील खाणीत नेले. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाऐवजी येथे मारेकऱ्यांचे यान येण्यास उरलेला वेळ अंकांत दाखवणारे फलक आहेत. पण मारेकरी येथे कोणा गुंडाचा वैयक्तिक सूड घ्यायला येत नाहीत; त्यांच्या येण्यामागे खाणीचा नफा असतो. उत्पादन वाढावे म्हणून कामगारांना उत्तेजक द्रव्य पुरवले जाते, काही महिन्यांनी त्यांची मने ढासळतात, आणि व्यवस्थापकाला त्यापेक्षा महिनाअखेरचे आकडे मोठे वाटतात. मदत नाकारणाऱ्यांचे कारणही त्यामुळे बदलते, कारण वाढीव उत्पादनावर मिळणारा बोनस त्यांच्या खिशात पडत असतो.

डिस्नेच्या 'ट्रेझर प्लॅनेट' (२००२) मध्ये स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' शिडांच्या जहाजांसह, श्वास घेता येईल अशा अवकाशात आली. सत्तर टक्के जुने आणि तीस टक्के नवे असे प्रमाण कलाकारांनी ठरवून पाळले, आणि त्यामुळे देखणेपणा आला तरी नवे भय आले नाही. जगभरातील उत्पन्न निर्मितिखर्चाइतकेही झाले नाही. त्यातील एक बदल तेवढा आतून आलेला आहे. कादंबरीत जिम या बालनायकाचा बाप आजाराने मरतो, तर येथे तो घर सोडून निघून जातो, आणि म्हणून चाचा सिल्व्हर त्या मुलाला बापाच्या जागी वाटू लागतो. स्टीव्हन्सनचा सिल्व्हर नाण्यांची थैली चोरून रात्रीतून पसार होतो. चित्रपटात मात्र जिमच त्याला जाऊ देतो, आणि निघण्यापूर्वी तो जिमच्या आईची जळालेली खाणावळ पुन्हा उभी करण्यासाठी आपल्या वाट्यातली मूठभर रत्ने जिमच्या हाती ठेवतो.