वर्धा योजना आणि शाळाप्रमुख

शाळेचा महोत्सव म्हटला की बक्षीससमारंभ, स्नेहसंमेलन आणि पाहुण्यांचे भाषण एवढेच सहसा डोळ्यांसमोर येते. वर्ध्याच्या मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवातून मात्र देशाच्या प्राथमिक शिक्षणाचा नवा आराखडा निघाला. त्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि तिने डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली. विनोबा भावे व काका कालेलकर हे तिचे सदस्य होते. डिसेंबरात समितीचा अहवाल तयारही झाला.

सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मातृभाषेतून, एखाद्या उद्योगाच्या आधारे शिक्षण द्यावे, हे त्याचे सार. परंतु शाळा चालवणाऱ्याच्या छातीत धडकी भरली असेल ती वेळापत्रकाने. साडेपाच तासांच्या दिवसातील तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला आणि मातृभाषेला चाळीस मिनिटे! कापूस, तकल्या, सुताचा हिशेब, तयार मालाची विक्री आणि ‘मुलगा सूत काढायला शाळेत येतो का?’ असे विचारणारे पालक, हे सारे मुख्याध्यापकाच्याच दाराशी येणार होते. पालकांचा तो प्रश्न अडाणीपणाचा म्हणता येत नाही. मुलाचे भवितव्य त्यात गुंतलेले होते.

समितीला या अडचणीची जाणीव होती. म्हणूनच तिने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण व एका वर्षाचा अल्प प्रशिक्षणक्रम सुचवला, एका शिक्षकाकडे तीसहून अधिक मुले नसावीत असे म्हटले आणि शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याने दोष न टिपता मार्गदर्शन करावे, अशी अपेक्षा ठेवली. दप्तर तपासून शेरा लिहिण्याची सवय जडलेल्या खात्याकडून ही अपेक्षा थोर खरी; ती पुरी होणे सोपे नव्हते.

नेवाळकरांच्या काळापासून मराठी घरे नांदत आलेली झाशी तेव्हा संयुक्त प्रांतात मोडत होती. त्या प्रांतानेही योजना स्वीकारली. १९३८ मध्ये अलाहाबादला मूलोद्योगाचे अध्यापक महाविद्यालय निघाले आणि प्रांतभर वेगाने प्रसार करण्याचे धोरण ठरले. कार्यरत शिक्षकांसाठी अल्प मुदतीचे वर्ग भरवण्यात आले. उत्साह दांडगा होता. पण अशा वर्गात तकली हाती येते, सुताच्या गुंडीतून गणित आणि कापसाच्या शेतातून भूगोल उलगडण्याची समवाय पद्धती तेवढ्यात अंगवळणी पडत नाही. गावी परतलेल्या शाळाप्रमुखाला शंका विचारायला जवळपास कोणी नसले, तर त्याने उद्योगाचा तास निराळा आणि पुस्तकाचा निराळा करून टाकला तर त्याला दोष कसा द्यावा?

बिहारने दुसरी वाट धरली. १९३९ मध्ये चंपारणातील बेतिया परिसरात, एकाच टापूत, मोजक्या शाळा काढल्या. त्यामुळे मार्गदर्शकाला पायी फिरूनही शाळा गाठता येई आणि एका शाळेची अडचण शेजारच्या शाळेत सुटे. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रांतोप्रांतीची काँग्रेस मंत्रिमंडळे पायउतार झाली, योजनेचा राजाश्रय आटला, पुढे १९४२ चे वादळही आले. तरी त्या शाळांनी सात वर्षांचा संपूर्ण अभ्यासक्रम पार पाडला.