बोरीबंदर स्थानक, मुंबई

मुंबईतील सर्वांत जुने रेल्वे स्थानक व मध्य रेल्वेच्या मुख्यालयाची जागा. व्हिक्टोरिया टर्मिनस (१८८७), छत्रपती शिवाजी टर्मिनस (१९९६) आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२०१७) ही त्याची नंतरची नावे होत. बोरीबंदर आणि व्हिक्टोरिया टर्मिनस ही एकाच वास्तूची दोन नावे असल्याचा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. मूळ स्थानक व आजची इमारत या दोन वेगळ्या वास्तू असून स्थानकाचे प्राचीनत्व जागेला व अखंड वापराला आहे, इमारतीला नव्हे.

मुंबईच्या किल्ल्याच्या उत्तरेस पूर्व किनाऱ्यावर मालाची चढउतार करण्याचा एक धक्का होता, तो बोरीबंदर. तेथे मालाच्या गोण्या रचल्या जात म्हणून हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती दिली जाते. दुसरी बोरीच्या झाडांवरून आहे. चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव, बोरिवली अशी वृक्षनामे या परिसरात विपुल असल्याने ही दुसरी उपपत्ती अधिक संभाव्य वाटते.

मुंबईस लोहमार्ग व्हावा म्हणून १८४५ च्या सुमारास जे प्रयत्न झाले, त्यांत जगन्नाथ (नाना) शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई हे अग्रभागी होते. ब्रिटिश संसदेच्या कायद्याने १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी स्थापन झाली व जेम्स बर्कले या अभियंत्याच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी सु. साडेतीन वाजता तोफांच्या सलामीत चौदा डब्यांची गाडी सु. ४०० निमंत्रितांना घेऊन बोरीबंदरहून ठाण्यास निघाली. अंतर ३४ किमी. होते. हिंदुस्थानातील सार्वजनिक उतारू वाहतुकीचा आरंभ येथून मानतात. त्या वेळचे स्थानक मात्र अगदी साध्या बांधणीचे होते.

ते अपुरे पडण्यास फार काळ लागला नाही. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे याच सुमारास कापसाच्या निर्यातीला मोठा भर आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि १८७० मध्ये जबलपूर येथे हा मार्ग कलकत्त्याकडील मार्गास जोडला गेला. किल्ल्याचे तट पाडले गेले होते व पूर्व किनाऱ्यावर भर घालून नवी जमीन निर्माण होत होती. समुद्र मागे हटला, धक्का गेला. बोरीबंदर हे नाव तेवढे कोरड्या जमिनीवर उरले.

नव्या इमारतीची रचना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने केली. बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन सु. दहा वर्षे चालले व सु. १६ लाख रुपये खर्च आला. व्हिक्टोरियन गॉथिक शैलीच्या या इमारतीत टोकदार कमानी, रंगीत काचा व मनोरे यांच्या जोडीला भारतीय वळणाचे नक्षीकाम आहे. त्यातील बरेचसे सर जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. मध्यवर्ती घुमटावर ‘प्रगती’ची पुतळीरूप आकृती, तर प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह व हिंदुस्थानचा वाघ आहेत. दर्शनी भिंतीवरील मुखाकृतींमध्ये नाना शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई यांच्याही आहेत. रेल्वेचे श्रेय सरसकट परकीयांना देणाऱ्यांनी त्या अवश्य पाहाव्यात.

राणीच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये स्थानकास व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. लोकांनी त्याचे ‘व्ही. टी.’ करून टाकले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी येथून कुर्ल्यापर्यंत धावलेली गाडी ही देशातील पहिली विजेवर चालणारी उतारू गाडी होय. १९५१ मध्ये मध्य रेल्वे विभाग स्थापन झाल्यावर त्याचे मुख्यालय येथेच राहिले.

शहराचे ‘मुंबई’ हे नाव १९९५ मध्ये अधिकृत झाल्यानंतर, मार्च १९९६ मध्ये स्थानकास छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव देण्यात आले. २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत याच नावाने, पूर्वीच्या नावाच्या उल्लेखासह, त्याची नोंद झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात येथे पन्नासहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. नावात आदरार्थी ‘महाराज’ हा शब्द नसल्याबद्दलचा आक्षेप मान्य होऊन २०१७ मध्ये तो समाविष्ट झाला. व्यवहारात मात्र ‘सी. एस. टी.’चे ‘सी. एस. एम. टी.’ झाले, म्हणजे आदराच्या वाट्याला एक अक्षर आले.

जुनी नावे पुरती लोपलेली नाहीत. वयस्क मुंबईकरांच्या बोलण्यात ‘व्ही. टी.’ आहे, आणि स्थानकासमोर कार्यालय असलेल्या टाइम्स ऑफ इंडिया  या दैनिकास ‘बोरीबंदरची म्हातारी’ म्हणण्याचा प्रघात आहे. दर्शनी भागावरील मोठ्या घड्याळाखालच्या कोनाड्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्योत्तर काळात तो हलविण्यात आला आणि कोनाडा तेव्हापासून रिकामा आहे.