उनपदेवच्या गरम पाण्याने सांधेदुखी बरी होते का?

जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातील अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव हा गरम पाण्याचा झरा आहे. याच नावाचा आणखी एक झरा शहादा तालुक्यात आहे. हा तालुका १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. अशा पाण्यात अंघोळ केली की सांधे मोकळे होतात, असे अनेकांना वाटते.

त्यात तथ्य आहे. उष्णतेमुळे रक्तपुरवठा वाढतो आणि आखडलेले स्नायू सैल होतात. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यास गुडघ्यांवरचा भार जवळपास निम्म्याने कमी होतो, त्यामुळे हालचाल सोपी जाते. मात्र हा आराम तात्पुरता असतो. झिजलेली कूर्चा पाण्याने भरून येत नाही.

हाच शेक घरीही घेता येतो. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात हात-पाय १५ ते २० मिनिटे ठेवा आणि सांधे हळूहळू वाकवा, सरळ करा. सकाळी सांधे आखडतात तेव्हा याचा जास्त उपयोग होतो.

काळजी काय घ्यावी?

• मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर चटका कळत नाही. पाणी आधी दुसऱ्या कोणाला तरी तपासायला सांगा.
• सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तर शेक टाळा.
• जखम किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.
• सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल तर तो संधिवात असू शकतो. त्यावर औषधोपचार लांबवल्यास सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. गरम पाणी औषधांच्या जोडीला घ्या, औषधांऐवजी नको.