बटण कुणी दिलं? ऑफिसातल्या मॅक्रोंची चाळीस वर्षं

आजच्या भागाचा विषय ऐकून काही जण हसतील. ऑफिसात एकाने बनवलेला एक्सेलचा मॅक्रो शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये कसा जातो, याचा इतिहास.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आम्ही लोक कोड एकमेकांना देतो तेव्हा त्याची नोंद राहते. कुठली ओळ कुणी, कधी आणि का बदलली हे दोन मिनिटांत सापडतं. पण पगारपत्रक करणाऱ्या टेबलावर, कारखान्याच्या स्टोअरमध्ये, सीएच्या ऑफिसात जो कोड रोज चालतो, तो बहुतेक वेळा हातोहात गेलेला असतो. "तुझं ते बटण मला पण दे ना," एवढ्या बोलण्यावर. या देण्याघेण्याचं पुढे काय झालं, ते आज बघू.

आधी एक वाक्य, ज्यांना मॅक्रो माहीत नाही त्यांच्यासाठी. तुम्ही शीटमध्ये रोज त्याच दहा पायऱ्या करता, त्या एकदा नोंदवून ठेवल्या आणि एका झटक्यात चालवल्या, तर तो मॅक्रो. आणि तो चालवायला वर टूलबारवर जे चित्र ठेवता, ते बटण.

सुरुवात १९७९ पासून करू. त्या वर्षी डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क आलं, ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी. स्प्रेडशीट म्हणून आज आपण जे ओळखतो, ते तिथून. त्यात मॅक्रो नव्हता. तो लोकांच्या हातात आला लोटस १-२-३ मधून, जानेवारी १९८३ मध्ये. मिच केपोर यांची कंपनी, आणि प्रोग्रॅम लिहिला होता जोनाथन सॅक्स यांनी.

लोटसचा मॅक्रो म्हणजे अक्षरशः तुमच्या बोटांची नक्कल. तिरकी रेघ दाबली की मेनू उघडायचा. मग आर म्हणजे रेंज, एफ म्हणजे फॉरमॅट, सी म्हणजे करन्सी, २ म्हणजे दोन दशांश स्थळं, आणि दोनदा एंटर. हीच अक्षरं ओळीने एका सेलमध्ये लिहायची, एंटरच्या जागी नागमोडी चिन्ह टाकायचं, त्या सेलला एका अक्षराचं नाव द्यायचं, आणि ऑल्टसोबत ते अक्षर दाबायचं. झाला मॅक्रो. ज्याला मेनू पाठ होता त्याला मॅक्रो लिहिता येत होता. प्रोग्रॅमर लागत नव्हता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मॅक्रो त्याच शीटच्या सेलमध्ये राहायचा. म्हणजे फ्लॉपीवर फाइल दिली की मॅक्रो आपोआप गेला, आणि घेणाऱ्याला तो डोळ्यांनी दिसत होता. बाजूच्या कोपऱ्यात जाऊन वाचता येत होता. तोटाही होता. कुणी मधली एखादी ओळ उडवली आणि ती मॅक्रोच्या मधून गेली, की मॅक्रोचा एक तुकडा गायब. पण चोरून काही नव्हतं.

आता १९९० कडे येऊ. इंग्लंडमध्ये केंब्रिजला झेरॉक्सची युरोपार्क नावाची प्रयोगशाळा होती. तिथे ॲलन मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी एक सिस्टिम बनवली, नाव साधंच, 'बटन्स'. स्क्रीनवर बटण, बटणाच्या पोटात एखादं काम. तुम्ही ते हलवू शकता, त्याची कॉपी करू शकता, आतला मजकूर थोडा बदलू शकता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ईमेलने सहकाऱ्याला पाठवू शकता. पण त्यांच्या लिखाणातला मला आवडलेला भाग तंत्राचा नाही, माणसांचा आहे. त्यांचं म्हणणं असं की बटण पाठवायची सोय असून भागत नाही. नुसतं काम करणारा आणि प्रोग्रॅमर यांच्या मध्ये एक माणूस लागतो. लोकांमध्ये वावरणारा, त्यांची अडचण समजणारा आणि थोडंफार जुळवून देणारा. त्यांनी त्याला 'हँडीमॅन' म्हटलं. आपल्याकडे असा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. "अरे, त्याला विचार, तो करून देईल" म्हटल्यावर ज्याच्याकडे बोट जातं, तो.

त्याच वर्षी वेंडी मॅके यांनी एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनामध्ये लोक आपापल्या सेटिंगच्या फाइल एकमेकांना कशा देतात ते पाहिलं. त्यांना दोन प्रकारचे देणारे सापडले. एक खूप तांत्रिक. नवीन काही आलं की हे आधी करून बघणार आणि सगळ्यांना वाटून टाकणार, पण समोरच्याला ते उपयोगी पडतंय का, धड चालतंय का, हे बघायला थांबणार नाहीत. दुसरे तांत्रिक बाबतीत जरा कमी, पण शेजारच्याशी बोलणारे. त्यांना मॅके यांनी 'ट्रान्सलेटर' म्हटलं, म्हणजे दुभाषे. मी आमच्या क्षेत्रातला माणूस म्हणून सांगतो, पहिल्या प्रकाराचं कौतुक आम्ही जरा जास्तच करतो. ऑफिस चालतं ते दुसऱ्या प्रकारावर.

इकडे एक्सेलमध्ये काय चाललं होतं? १९९२ च्या एक्सेल ४ मध्ये आपला स्वतःचा टूलबार बनवता यायला लागला. १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये व्हीबीए ही भाषा आली. आता मॅक्रो शीटच्या सेलमध्ये नाही, वेगळ्या मॉड्यूलमध्ये. 'पर्सनल' नावाची एक लपलेली फाइल एक्सएलस्टार्ट या फोल्डरमध्ये राहायची आणि एक्सेल सुरू झालं की आपोआप उघडायची. तुमचे सगळे मॅक्रो तिच्यात. आणि टूलबार? तो तिसऱ्याच ठिकाणी, एक्सएलबी फाइलमध्ये.

म्हणजे बघा, मॅक्रो एका फाइलीत, बटण दुसऱ्या फाइलीत, डेटा तिसऱ्या. एकाच कामाची तीन घरं झाली. मग देणं अवघड झालं. त्यावर उपाय म्हणून टूलबार फाइलला जोडून पाठवायची सोय होती. पण तिच्यातही गोम होती. समोरच्याने फाइल उघडली की टूलबारची कॉपी त्याच्या कॉम्प्युटरवर बसायची आणि तिथेच राहायची. तुम्ही बटणं सुधारून नवीन फाइल पाठवली तरी त्या नावाचा टूलबार आधीच आहे म्हटल्यावर जुनाच दिसायचा. शिवाय बटणाला मॅक्रो असलेल्या फाइलचा पत्ता पाठ असायचा. फाइल हलली की बटण मुकं.

याच व्यवस्थेचा फायदा दुसऱ्याच कुणीतरी घेतला. जुलै १९९६ मध्ये लारू हा एक्सेलचा मॅक्रो व्हायरस सापडला. त्याने काय केलं? एक्सएलस्टार्टमध्ये 'पर्सनल' नावाची फाइल बनवली आणि स्वतःला तिथे ठेवलं. मग तुम्ही जी फाइल उघडाल तिच्यात शिरला. मुद्दाम नुकसान करणारं त्यात काही नव्हतं, फक्त पसरणं. पण वाट कुठली वापरली, तर जी आपण सहकाऱ्याला बटण द्यायला वापरत होतो, तीच. मार्च १९९९ मध्ये वर्डचा मेलिसा आला. तो आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा, म्हणजे फाइल खरोखरच ओळखीच्या माणसाकडून यायची.

इथे माझ्या मते या इतिहासाचं वळण आहे. तोवर "कुणी दिलं?" या प्रश्नाच्या उत्तरावर सगळा भरवसा होता. मेलिसानंतर ते उत्तर पुरेसं राहिलं नाही.

पुढे दारं एकेक करून बंद होत गेली. २००७ मध्ये मॅक्रो असलेल्या फाइलला वेगळं आडनाव मिळालं, एक्सएलएसएम, म्हणजे बाहेरूनच कळावं. टूलबार गेले, रिबन आली, आणि लोकांनी बनवलेली जुनी बटणं 'ॲड-इन्स' नावाच्या टॅबखाली एका कोपऱ्यात जाऊन बसली.

तो टॅब मी माझ्या पहिल्या नोकरीत पाहिला. अकाउंट्समधल्या एका मॅडमकडे तीन बटणं होती, रिटायर झालेल्या एका काकांनी बनवलेली. एका सोमवारी सर्व्हर बदलला आणि तिन्ही बंद. महिनाअखेर होती. आम्ही दोघा-तिघांनी फाइल शोधली, पत्ता बदलला, दोन बटणं चालली. तिसरं चाललं, पण एका गिऱ्हाइकाची बिलं ते वगळत होतं. आम्हाला वाटलं चूक आहे. मॅडम म्हणाल्या, "थांबा, काकांना फोन करते." काका म्हणाले, "अहो, त्यांचा हिशेब तिमाहीचा असतो. मुद्दाम वगळलाय." आम्ही ती ओळ काढायच्या बेतात होतो. काढली असती तर त्या गिऱ्हाइकाला दोनदा बिल गेलं असतं.

कोड आमच्याकडे होता. कारण काकांकडे होतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आता मुळातच अडवले जातील. मधे जुलैमध्ये थोडं मागेपुढे झालं, पण निर्णय लागू झाला. एक माणूस सिक्युरिटीतला म्हणून मला विचाराल तर हे बरोबरच आहे. मॅक्रोतून आलेल्या हल्ल्यांनी दवाखान्यांपासून बँकांपर्यंत लोकांना रडवलंय. पण सोबत काय गेलं तेही मोजायला हवं. ईमेलने "हे घे बटण" म्हणणं संपलं. आता आयटी विभागाची परवानगी, डिजिटल सही, विश्वासाचं फोल्डर. मोठ्या कंपनीत हे जमतं. चार माणसांच्या ऑफिसात तो हँडीमॅन बहुतेक सोडूनच देतो, आणि दहा पायऱ्या परत हाताने सुरू होतात.

तर ऐकणाऱ्यांना माझी एवढीच विनंती. तुमच्या ऑफिसात अशी बटणं अजून असतील, तर बनवणारी व्यक्ती रिटायर व्हायच्या आधी तिच्याजवळ अर्धा तास बसा. शीटच्या पहिल्या पानावर तिचं नाव, तारीख, फाइल कुठे आहे आणि कुठली विचित्र ओळ का आहे, एवढं साध्या मराठीत लिहून ठेवा. लोटसच्या काळात मॅक्रो शीटवरच दिसायचा. निदान त्याची हकिकत तरी परत शीटवर आणता येईल.

तुमच्याकडच्या बटणांच्या गोष्टी असतील तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.