सेवाभावी क्लबची सभा : ठरावापासून कामापर्यंत

कंपनीच्या बैठकीत निर्णय झाला की तो अमलात आणायला पगारी माणूस असतो. नगरपालिकेने ठराव केला की पुढचे प्रशासन पाहते. रोटरी किंवा लायन्ससारख्या सेवाभावी क्लबमध्ये ठराव करणारे आणि राबणारे तेच असतात. शिवाय ते वर्गणी भरून येतात, त्यामुळे त्यांच्यावर हुकूम चालत नाही. मग क्लबच्या सभेत निर्णय पुरा झाला असे केव्हा म्हणायचे? माझ्या मते हात वर झाले तेव्हा नव्हे, तर एखाद्या सदस्याने सर्वांसमोर ‘हे मी करतो, अमुक तारखेपर्यंत करतो’ असे म्हटले तेव्हा. सभेची सारी आखणी या एका क्षणाच्या दृष्टीने झाली पाहिजे.

सभासंचालनाचे रूढ शास्त्र वेगळ्या अडचणीतून घडले आहे. अमेरिकी लष्करातले अभियंते हेन्री रॉबर्ट यांच्यावर १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड येथे एका सभेचे अध्यक्षपद आले आणि सभा त्यांच्या हाताबाहेर गेली. त्या अनुभवाने ते अभ्यासाला लागले आणि १८७६ मध्ये त्यांची नियमावली प्रसिद्ध झाली. ठराव, अनुमोदन, उपसूचना, मतदान ही चौकट परस्परविरोधी मतांना न्याय मिळावा म्हणून आहे. निवडणूक, घटनादुरुस्ती आणि पैशाचे व्यवहार यांत ती काटेकोर पाळलीच पाहिजे. पण क्लबच्या बहुतेक सभांचे दुखणे नेमके उलटे असते. तिथे विरोध कोणी करत नाही, उपक्रम एकमताने मंजूर होतो आणि आठवडाभराने सगळे ओझे अध्यक्ष-सचिवांवर येऊन पडते.

याचे एक कारण म्हणजे दोन प्रकारच्या सभांची सरमिसळ. रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस यांनी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत तीन परिचितांना एकत्र बसवले, तेव्हा हेतू मैत्रीचा आणि व्यवसायातल्या ओळखींचा होता. सेवाकार्य त्यानंतर आले. आजही सदस्य आधी स्नेहासाठी येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र वक्त्याचे भाषण, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सत्कार आणि शिबिराचा खर्च हे सगळे एकाच तासात कोंबले की पाहुण्यासमोर हिशेबाची चर्चा होते आणि हिशेब अर्धवट राहतो. स्नेहसभा वेगळी ठेवावी, कामकाज संचालक मंडळाच्या किंवा उपक्रम समितीच्या बैठकीत व्हावे. रोटरीने २०१६ मध्ये साप्ताहिक सभेचे बंधन सैल केले आणि महिन्याला किमान दोन सभा पुरेशा मानल्या. ही मोकळीक अशा विभागणीसाठी वापरता येते.

विषयपत्रिकेत ‘रक्तदान शिबिर’ एवढेच लिहिलेले असेल तर चर्चा कुठेही भरकटते. ‘शिबिर मेच्या दुसऱ्या रविवारी घ्यावे का, आणि दात्यांची यादी कोण करणार?’ असे लिहिले की सदस्य उत्तर घेऊन येतात. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असतात, रक्ताचा तुटवडा जाणवतो, म्हणून मे महिना सुचवणे बरोबरच. पण आपल्याकडच्या नियमांप्रमाणे पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. गावातल्या दुसऱ्या मंडळाने मार्चमध्ये शिबिर घेतले असेल तर तेच दाते मेमध्ये चालणार नाहीत. ही माहिती सभेत बसून अंदाजाने ठरवायची नसते. सचिवाने रक्तपेढीला फोन करून ती आधी मिळवावी आणि विषयपत्रिकेसोबत पाठवावी. सभेचा वेळ ज्या प्रश्नांना खरोखर दहा डोकी लागतात त्यांनाच द्यावा.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ हे आपल्या विषयपत्रिकेतले शेवटचे कलम. खर्चाचा आणि नव्या उपक्रमाचा विषय या दाराने आत येऊ देऊ नये. गैरहजर सदस्यांना त्याची कल्पना नसते, आणि थकलेली माणसे मान डोलावून मोकळी होतात. असा विषय ऐकून घ्यावा आणि पुढच्या सभेत मांडावा.

अध्यक्षाचे खरे कसब काम वाटताना दिसते. ‘कोण करेल?’ असे विचारल्यावर शांतता पसरते. ती मोडण्यासाठी अध्यक्ष घाईने ‘मी बघतो’ म्हणतो, आणि सदस्यांना वर्षभराची सवय लागते. त्याऐवजी कामाचे तुकडे आधीच पाडून ठेवावेत : जागा, खाटा, अल्पोपाहार, दात्यांना फोन. ‘जागेचे तुम्ही पाहाल का?’ असे नाव घेऊन, पण नकाराला वाव ठेवून विचारावे. नव्या सदस्याला लहान पण संपूर्ण काम द्यावे. नुसते ‘मदत करा’ म्हटल्याने त्याच्या वाट्याला काहीच येत नाही.

इतिवृत्तात भाषणांचा सारांश नको. ठराव, मंजूर रक्कम, काम घेणाऱ्याचे नाव आणि तारीख एवढे हवे, आणि ते दोन दिवसांत सर्वांच्या हाती पडावे. क्लबचा नोंदणीकृत न्यास असेल तर विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तिथे सभेची सूचना आणि इतिवृत्त हाच पुरावा असतो. याहून रोजचे कारण असे, की रोटरीत १ जुलैला पदाधिकारी बदलतात. गेल्या वर्षी कोणत्या शाळेला काय कबूल केले होते हे नव्या अध्यक्षाला लिहिलेल्या कागदावरूनच कळते.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम केल्यावर लगेच घेतलेल्या कामांचा आढावा घ्यावा. काम रखडले असेल तर चारचौघांत जाब विचारू नये. सचिवाने सभेच्या तीन दिवस आधी फोन केला असेल तर ती वेळ सहसा येत नाही. तरीही काम हलत नसेल, तर ते दुसऱ्याकडे सोपवावे किंवा उपक्रम रद्द करावा, आणि रद्द करण्याचे कारण इतिवृत्तात नोंदवावे. तोच उपक्रम जुलैनंतर कोणीतरी पुन्हा सुचवणारच असतो.